तीन गावांचं एक शहर आणि पाचचा फोन

बाळूचा फोन रोज संध्याकाळी पाचला येतो. घड्याळ लावून घ्यावं इतका नेमका. बाळू म्हणजे माझा धाकटा भाऊ, वय वर्षं एकसष्ट, मुक्काम कुपवाड. मी त्याची अक्का, वय चौसष्ट, पोस्टातून निवृत्त, साताऱ्याला लागून असलेल्या शाहूपुरीत एकटी राहते. लग्न केलं नाही. का, ते विचारू नका. कारण होतं, पण आता मलाही ते नीट आठवत नाही.

गेले दोन-तीन महिने त्या फोनवर एकच विषय होता. "अक्का, तू हितंच ये राहायला. एकटी काय करतीस तिथं?" त्याच्या मागं पोरांचा गलका, बायांचे आवाज, कुणीतरी कुणाला तरी हाका मारतंय. मी म्हणायची, "केवढी माणसं रे तुझ्या घरात!" तो म्हणायचा, "हायतच की. लेक, सून, नातू, समदी आल्यात. घर कसं भरलंय." आणि दोन-तीन मिनिटं झाली की "अक्का, ठेवतो, हाक आली," म्हणून मध्येच फोन बंद. मग माझ्या घरात एकटा फ्रिज तेवढा घरघरत राहायचा.

खरं सांगू का, मला त्या गलक्याचीच धास्ती वाटायची. भरल्या घरात म्हाताऱ्या आत्याला जागा मिळते ती कोपऱ्यातली. आत्याला उठवू नका, आत्याचा चहा बिनसाखरेचा, आत्याला विचारा टीव्ही बारीक करू का. पोस्टात चौतीस वर्षं काढली मी. कुणाच्या तरी 'द्वारा' म्हणून पत्ता लिहिलेली टपालं हजारोंनी हाताखालून गेली. या वयात आपणही कुणाच्या तरी द्वारा व्हायचं, हे काही केल्या पचेना. आणि नाही म्हणावं, तर रात्री ताप आला तर पाणी द्यायला कोण आहे, हेही कळत होतं. एकंदरीत, धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं.

आमच्या शाहूपुरीचंही असंच झालंय. आधी ग्रामपंचायत होती. काही वर्षांपूर्वी साताऱ्याची हद्द वाढली आणि आम्ही शहरात गेलो. गेलो म्हणजे होतो तिथंच आहोत, फक्त कागदावर गेलो. काही वाईट झालं नाही. घंटागाडी येते, दिवे लागतात. पण ग्रामसभेत पहिल्या रांगेत बसून मी पाण्याच्या वेळेवरून भांडायची, ती खुर्ची गेली. भांडायलासुद्धा माणूस ओळखीचा लागतो हो.

त्यावरून डोक्यात आलं की बाळूचं गाव तर या बाबतीत आमच्यापेक्षा कितीतरी जुनं. सांगली, मिरज आणि कुपवाड, तिघांचा कारभार वेगवेगळा होता. पंचवीसेक वर्षांपूर्वी तिघांना एकत्र करून एक महापालिका झाली. एकत्र आल्यावर गावं राहतात कशी, कोण कुणात विरघळतं, कोण कोपऱ्यात बसतं, ते एकदा डोळ्यांनी बघून यावं म्हटलं. म्हणजे माझंही काय ते ठरेल. पण पाहुणी म्हणून गेलं की माणसं चांगलंच तेवढं दाखवतात. म्हणून बाळूला सांगितलं, शनिवारी येते. आणि निघाले गुरुवारी.

गुरुवार

हा ब्लॉग वाचणारे तुम्ही पंचवीस-तीस जण. तुम्हाला माहीतच आहे की मी गाडी चालवत नाही आणि ट्रॅव्हल्सवाल्यांच्या नादी लागत नाही. साताऱ्याहून मिरजेला महामार्गानं कराडपर्यंत आणि तिथून आष्ट्यावरून एसटीनंही जाता येतं. पण मला रेल्वे आवडते. फक्त आमचं स्टेशन गावाबाहेर, माहुलीकडे. रिक्षाचं भाडं पॅसेंजरच्या तिकिटाच्या तिप्पट होतं. सातारकरांनी हा अन्याय गपगुमान सोसलेला आहे, तुम्हीही सोसा.

खिडकी मिळाली. कोरेगाव, रहिमतपूर, मसूर. शेतांत शाळूची काढणी चाललेली. कराडनंतर दोन्ही बाजूंना ऊस, तोडलेला, तुटायचा राहिलेला, ट्रॉल्यांत रचलेला. समोर एक बाई बसल्या होत्या, मांडीवर डबा. टळटळीत दुपारी त्यांनी तो उघडला आणि पहिली भाकरी मला दिली. "घ्या ओ, एकटीनं खायाला ग्वाड लागत न्हाई." मी घेतली. नंतर त्यांनी विचारलं, "कुणाकडं चाललाय?" मी म्हटलं, "कुणाकडं नाही. बघायला." "काय बघायला?" "मिरज." त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मिरजेला माणूस दवाखान्यासाठी जातो, बघायला कोण जातं! "बरं नाही का?" त्यांनी हळूच विचारलं. मी हो म्हणून टाकलं. समजावत बसण्यापेक्षा आजारी असणं सोपं होतं.

सांगली स्टेशन आलं, मग विश्रामबाग, मग मिरज. सांगली नि मिरजेच्या मधे शेत-रान शोधू म्हटलं तर सापडेना. घरं, शाळा, मंगल कार्यालयं, पुन्हा घरं. एक गाव कुठं संपलं आणि दुसरं कुठं सुरू झालं, ते रुळांनाही कळलं नसेल.

स्टेशनासमोरच्या लॉजमध्ये खोली घेतली. आठशे रुपये, स्वच्छ, चादर धुतलेली, चहा मात्र मिळत नाही. मॅनेजरनं नाव लिहून घेतलं आणि विचारलं, "पेशंट कुठल्या हॉस्पिटलात आहे?" मी म्हटलं, पेशंट नाही. त्यानं वहीतल्या 'येण्याचे कारण' या रकान्यावर पेन धरून बराच वेळ वाट पाहिली. शेवटी स्वतःच 'खाजगी' लिहिलं.

पाचला फोन आला. मी उठून आधी खिडकी लावली. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. "अक्का, काय चाललंय?" "काही नाही, बसलेय घरी." "शनवारी येतीस न्हवं नक्की?" "येते रे." मागं तोच गलका, पोरगं रडतंय, कुणी कुणाला "आवं, हिकडं बसा" म्हणतंय. आणि लगेच, "ठेवतो, हाक आली."

मी त्या खोलीत पंखा बघत बसले. भावापासून पाचसहा किलोमीटरवर बसून त्याला खोटं सांगितलं होतं. प्रवासात एकटेपणा येतो, त्याची मला सवय आहे. तो निदान आपण तिकीट काढून घेतलेला असतो. हा तसला नव्हता.

शुक्रवार

सकाळी मिरजेत फिरले. दर्ग्याजवळच्या गल्लीत सतार-तंबोरे बनवणाऱ्यांची दुकानं आहेत. पिढ्यान्‌पिढ्या हेच काम. उंबऱ्याशी वाळलेल्या भोपळ्यांचा ढीग होता आणि आत एक सत्तरीचे गृहस्थ तंबोऱ्याच्या सांध्यावर हात फिरवत बसले होते. पांढरी दाढी, डोक्यावर टोपी, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. मी नुसती उभी राहिले तर म्हणाले, "बसा की ताई. घ्यायचा न्हाई हे दिसतंयच, तरी बसा."

मी विचारलं, भोपळा कुठला. "पंढरपूरकडचा. लाकूड येगळीकडचं. दोघांची जात येगळी. सरसानं जोडायचं, दोरीनं आवळायचं, मग सावलीत ठेवून द्यायचं."

"किती दिवस?"

"ते बोटाला कळतंय. घाई केली तर तारा चढवल्यावर सांधा कुरकुरतो."

मग मी मला हवं होतं ते विचारलं. तुम्ही आता सांगलीत आलात ना, एकच शहर झालं ना? ते हसले. "एक झालं, व्हय. दोन्हीकडं एकच बिल येतंय. पण ताई, माझा पोरगा दुकानाचं सामान आणायला जातो तवा घरात काय सांगून जातो? 'सांगलीला जाऊन येतो.' आन तिकडची माणसं दवाखान्याला येत्यात तर 'मिरजेला चाललो' म्हणत्यात. आपल्याच शहरात ऱ्हाऊन सारखं परगावाला जातोय आमी!"

"मग बरं वाटतं का?"

"न वाटायला काय झालं? नाव कुणी काढून घेतलंय व्हय? पालिकेच्या पाटीवर तिघांचंबी हाय."

त्यांनी मला चहा पाजला, गिऱ्हाइकाला पाजतात तसाच. पाऊण तास बसले. निघताना म्हणाले, "कुणाकडं उतरलाय?" मी म्हटलं, "भाऊ आहे कुपवाडात." "मग एकट्या कशापायी फिरताय?" चप्पल घालायला मी जरा जास्तच वेळ लावला.

मिरजेहून सांगलीला सिटी बस सारखी असते, वडापच्या, म्हणजे सीटवर भाडं घेणाऱ्या, रिक्षाही भरभरून धावतात. बस घ्या, स्वस्त आहे आणि गप्पा फुकट. माझ्या शेजारी एक काका होते, हातात हळदीच्या नमुन्याची पुडी. पुढच्या सीटवरच्या माणसाशी त्यांची जुगलबंदी चाललेली. "दवाखाना मिरजेचा, बाजार सांगलीचा, कामधंदा कुपवाडचा. तिघंबी एकमेकांवाचून पांगळी." पुढचा म्हणाला, "पर जुनं गाव मिरज." काका म्हणाले, "जुनं असंल. गणपती कुणाचा?" "दर्गा कुणाचा?" "भडंग कुणाचं?" इथं पुढचा गप्प झाला. भडंगापुढं कुणाचं काही चालत नाही.

सांगलीत गणपतीचं दर्शन घेतलं, मग कृष्णेच्या घाटावर गेले. पाणी खाली गेलेलं, पायऱ्यांवर धुणी वाळत घातलेली. समोर तो जुना लांबलचक पूल. घाटाकडच्या गल्लीतल्या दुकानांत पुराचं पाणी कुठवर आलं होतं ते माणसं न विचारता हातानं दाखवतात. एका दुकानदारानं तर खुर्चीवर चढून दाखवलं. मी विचारलं, "तेव्हा कुठं गेला होतात?" "मिरजेला, मेव्हण्याकडं. पंधरा दिवस. रोज भांडायचो आमी. पर गेलो त्येच्याकडंच." भेळ खाल्ली. छान होती. छान आहे असं म्हणायला शेजारी कुणी नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगते: छान होती.

परतीच्या बसमध्ये विश्रामबाग लागलं. सांगलीचं म्हणावं तर सांगलीचं, मिरजेच्याही वाटेवरचं. चकाचक दुकानं, कोचिंग क्लास, कॉफीची ठिकाणं. तरण्या पोरी स्कूटरवरून हसत चाललेल्या. या पोरींना तीन गावं वेगवेगळी होती हे कुणी सांगितलं तर त्या "हो का?" म्हणतील. त्यांचं वयच त्या जोडणीपेक्षा कमी.

साडेचार झाले होते. लॉजवर जाऊन पुन्हा पंखा बघायचा जीव होईना. चहाही हवा होता. म्हणून दहा रुपयांचं फलाट तिकीट काढलं आणि स्टेशनात शिरले. मी साताऱ्यातही कधीकधी एसटी स्टँडवर जाऊन बसते. कुणाला सांगत नाही, आज तुम्हाला सांगितलं. तिथं कुणी आपलं नसतं, पण माणसं असतात. कुणीतरी "सरका ओ जरा" म्हणतं, तेवढं पुरतं.

एक नंबरच्या फलाटावर, पादचारी पुलाच्या पायथ्याशी कागदी कपात चहा घेऊन उभी होते. फोन वाजला. पाच. घेऊ नये असं वाटलं, पण न घेतला तर हा घाबरून शेजाऱ्यांना फोन करेल. घेतला.

"अक्का, कुठं हायस?"

"घरी. कुठं असणार?"

"आन ह्यो आवाज कसला?"

"टीव्ही. तू?"

"मी बी घरीच. नातू दंगा करतोय नुसता."

आणि तेवढ्यात स्टेशनातली ती घंटी वाजली, टिंग टाँग, आणि बाई बोलायला लागली. यात्रीगण कृपया ध्यान दें. आधी माझ्या डोक्यावरच्या भोंग्यातून. मग किंचित मागं राहून, तीच बाई, तेच शब्द, फोनातून. माझ्या एका कानात एकदा आणि दुसऱ्या कानात एकदा.

"ठेवतो अक्का, हाक आली," बाळू घाईनं म्हणाला आणि फोन बंद.

इतके महिने तो कुणाची हाक आली म्हणून फोन ठेवत होता, ते मला तेव्हा कळलं.

मान वळवली. पलीकडच्या फलाटावर, शेवटच्या बाकावर तो बसला होता. राखीला मी पाठवलेला निळा शर्ट, इस्त्री केलेला. केस चापून बसवलेले. हातात भडंगाचा पुडा. शेजारच्या कुटुंबातलं एक पोर रडत होतं आणि बाळू त्याला लांबूनच पुडा दाखवून हसवायला बघत होता. हाच तो नातवाचा दंगा. हेच ते भरलेलं घर.

गाडी आली. माणसं उतरली. तो उठून उभा राहिला आणि उतरणाऱ्या प्रत्येकाचं तोंड बघत राहिला, आपलं कुणीतरी येणार आहे असं. फलाट रिकामा झाला. तो परत बसला.

पूल ओलांडून जायला दोन मिनिटं लागली असती. मी गेले नाही. लाज वाटली. त्याची नव्हे, माझी. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, म्हणतात ना, ते मी करत होते. आणि जे वाकून बघितलं ते हुबेहूब माझ्याच घरातलं निघालं. लॉजवर आले आणि पोटभर रडले. प्रवासवर्णनात हे लिहीत नाहीत, पण झालं ते झालं.

शनिवार

आता गंमत ऐका. बाळू मला न्यायला स्टेशनावर येणार होता. म्हणजे मला गाडीतून उतरणं भाग होतं. सकाळी लॉज सोडला, पुन्हा फलाट तिकीट काढलं, बॅग घेऊन फलाटाच्या टोकाला एका खांबामागं उभी राहिले. गाडी आली तशी शेवटच्या डब्याच्या दारात झालेल्या गर्दीत घुसले आणि उतरणाऱ्यांबरोबर चालू लागले. चौसष्टाव्या वर्षी हे नाटक! एक हमाल माझ्याकडे बघतच राहिला.

"अक्का!" बाळू धावत आला. वाकून नमस्कार केला, बॅग घेतली. "जागा मिळाली?"

"मिळाली की. खिडकी."

"कराडला गर्दी झाली आसंल."

"झाली."

"तरी कशी ताजी टवटवीत दिसतीस!" एवढं म्हणून तो पुढं चालू लागला.

वडापनं कुपवाडला गेलो. कारखान्यांची शेडं, ट्रक, चहाच्या टपऱ्यांवर पाळी सुटलेली माणसं. बाळूनं इथंच फौंड्रीत उभं आयुष्य काढलं. वडापमध्ये शेजारच्यानं त्याला विचारलं, "पाव्हण्या कुठल्या?" "सातारच्या. माझी थोरली भन," बाळू म्हणाला, आणि हे तो सांगताना इतका ताठ बसला की मला कसंसंच झालं.

घर स्वच्छ होतं. अतीच स्वच्छ. पाच माणसांच्या घरात चपलांचा ढीग असतो; इथं एक जोड. जेवायला त्यानं अख्खा मसूर केला होता, रोट्या बाहेरून आणलेल्या. "माणसं कुठं आहेत रे?" मी विचारलं.

"सकाळीच गेली. लग्न हाय."

"सगळी?"

"समदी."

मी चहा करायला उठले. फळीवरच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवलेल्या, वहिनीच्या, म्हणजे बाळूच्या बायकोच्या, अक्षरात. मीठ. तूरडाळ. हरभराडाळ ही नव्हे, शेजारची. साखर, चहात एकच चमचा. चिठ्ठ्यांच्या कडा तेलकट होऊन वळल्या होत्या. घरात बायको असताना कुणी डब्यावर 'मीठ' लिहीत नाही.

मी गॅस बंद केला. "बाळू, वहिनी कधी गेली?"

तो खुर्चीत बसला होता. गुडघ्यावरची पँट सारखी करत राहिला.

"दिवाळी झाल्यावर. बंगळूरला. पोरगा-सून दोघं कामावर जात्यात, नातू दोन वर्साचा. त्येला कोण बघणार? मला बी चला म्हणत हुते. गेलतो म्हयनाभर. चौदाव्या मजल्यावर काय करू मी? खाली उतरलं तर भाषा येईना."

"मग मला सांगायचं नाही?"

"सांगितलं आसतं तर तुला वाटलं आसतं, भाकरी थापायला बोलवतोय." तो गुडघ्याकडं बघूनच बोलत होता. "जल्मभर तू माझंच केलंस. आता तरी भरल्या घरात पाव्हणी म्हणून यावीस, म्हणून म्हटलं घर भरलंय."

"अरे, तुझं घर भरलंय म्हणूनच मी येत नव्हते, गाढवा!"

बाहेर कारखान्याचा भोंगा झाला. मग तो खाली बघतच म्हणाला, "आन तू काल फलाटावर काय करत हुतीस?"

"तुला कसं कळलं?"

"ती बाई दोन्ही कानांत बोलली की."

"मग आला का नाहीस?"

"तूच न्हाई आलीस. म्हटलं, अक्काला लपायचं आसंल तर लपू दे. उद्या येते म्हणलीय म्हंजे येणार. आज तू त्या खांबामागनं आलीस बघ, तवा लय हसू दाबलं मी."

मग आम्ही जे हसलो! हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते थांबेना. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. लहानपणी त्याला खोकला झाला की ठेवायची तसा.

"रोज जातोस?" मी विचारलं.

"रोज. दहा रुपयांचं तिकीट, दोन तास चालतंय. ती बाई सारखी म्हणती, कृपया ध्यान द्या. घरात आपल्याला कोण म्हणतंय ध्यान द्या?"

रविवार आणि नंतर

दुपारी त्यानं मला वरची खोली दाखवली. रंग दिलेला, कोपऱ्यात वेगळा गॅस, खिडकीतून कारखान्याची चिमणी आणि थोडं आभाळ. "तुझा सैपाक येगळा, तुझं दार येगळं. जिन्याला तुझ्या नावाची पाटी लावू. माझ्या घरात न्हाई, तुझ्या घरात ऱ्हायचं. फकस्त जिना एक."

मी तेव्हा हो म्हटलं नाही. माझं घर, माझी रातराणी, माझ्या कोपऱ्यावरचा दूधवाला. चौतीस वर्षं पत्ते वाचलेल्या बाईला स्वतःचा पत्ता खोडणं जड जातं. मी म्हटलं, "तूच ये की साताऱ्याला."

"बघू," तो म्हणाला. आमच्याकडं 'बघू' म्हणजे नाहीच असतं.

स्टेशनावर सोडायला आला. गाडी हलली तेव्हा तो त्याच्या नेहमीच्या बाकाकडं चालत गेला आणि बसला. त्यानं हात हलवला नाही. मीही नाही.

जाणाऱ्यांसाठी: दोन दिवस पुरतात. मुक्काम मिरजेला करा, खाणं सांगलीला. तंबोऱ्यांच्या गल्लीत सकाळी जा. फेब्रुवारीतच दुपारचं ऊन चावतं, टोपी न्या. आणि शहर बघायचं असेल तर बसमध्ये बसून माणसं एकमेकांना कुठं चाललो म्हणून सांगतात ते ऐका. एका शहरात राहून ती अजून एकमेकांच्या गावाला जातात. मला वाटलं होतं, जोडलं की कुणीतरी पुसलं जातं. तिथं कुणी पुसलेलं दिसलं नाही. आठवडा झाला, तो भोपळ्याचा सांधा आणि जिन्याची पाटी काही डोक्यातून जात नाही.

एवढं लिहून आज दुपारी मी थांबले होते. शेवट जमत नव्हता. पाच वाजले, फोन आला.

"अक्का, काय करतीस?"

"बसलेय. तू कुठं आहेस?"

"घरीच."

मागं गलका होता. मग टिंग टाँग. बाई बोलायला लागली, आणि मी कान देऊन ऐकलं. मिरजेहून आलेली गाडी. फलाट क्रमांक एक. सातारा.

या वेळी त्यानं फोन ठेवला नाही. हाक आली असंही म्हणाला नाही. बाईचं बोलणं तीन भाषांत संपेपर्यंत आम्ही दोघं ऐकत राहिलो.

"घरीच थांब," मी चप्पल शोधत म्हटलं. "हलू नकोस तिथून. न्यायला आले."